आधी दात, मग मूल

“आधी दात बघ, मग मूल,” आमच्या बाई सांगायच्या. “चेहरा आधी बघितलास की दातांत तोच चेहरा शोधत बसशील. आणि एकदा बघून विश्वास ठेवू नकोस. आठवडा जाऊ दे, पहिला आकडा डोक्यातून काढ, परत बघ.”

बाई जाऊन बरीच वर्षं झाली. दंतवैद्यकाच्या कॉलेजात त्यांनी शिकवलेलं पुष्कळ विसरले, पण हे नाही. भिवंडीत निजामपुऱ्यात माझा दवाखाना आहे. दोन्ही बाजूंना कापड विणणारे लूम. दिवसभर जमीन थरथरत असते. टेबलावरच्या पेल्यातलं पाणीसुद्धा स्थिर राहत नाही, आणि नव्या पेशंटला वाटतं आपलेच गुडघे कापतायत. आख्ख्या जबड्याचा एक्स-रे काढायचं मशीन डोक्याभोवती फिरतं. त्या थरथरीत चित्र हलतं, म्हणून मुलांच्या वयाच्या तपासण्या आम्ही शुक्रवारी ठेवतो. शुक्रवारी आमच्या गल्लीतले लूम बंद असतात. त्या दिवशी कान उगाचच काहीतरी शोधत राहतात.

दातांवरून वय कसं कळतं, हे लोक मला नेहमी विचारतात. तोंडातले दात मोजून कळत नाही. जबड्याच्या आत बघावं लागतं. दाताचा वरचा भाग आधी बनतो, मग मूळ खाली उतरतं, आणि सगळ्यात शेवटी मुळाचं टोक मिटतं. मिटेपर्यंत ते उघडं असतं, छोट्या नरसाळ्यासारखं. कुठल्या दाताचं टोक मिटलंय आणि कुठल्याचं उघडं आहे, हे बघून वय सांगता येतं. अक्कलदाढ सगळ्यात उशिरा मिटते. उंची खाण्यापिण्यावर जाते, चेहरा भोगलेल्यावर जातो, आणि कागदावरची जन्मतारीख लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. मूळ मात्र एकाच दिशेनं चालतं. ते मागे फिरत नाही.

बुद्धभूषण, माझा मावसभाऊ, एक्स-रे काढतो. फिल्मच्या कडेला पेशंटचं नाव येतं, त्यावर तो काळी चिकटपट्टी लावतो आणि फिल्म माझ्यासमोरच्या दिव्याच्या काचेवर अडकवतो. मी वाचते, आकडा सांगते. मग तो पट्टी काढतो आणि मुलाला आत पाठवतो. बाईंची पद्धत आम्ही कधी मोडली नाही.

आणखी एक पद्धत माझी स्वतःची. सकाळी अंघोळ झाली की वंदना करून, त्रिसरण-पंचशील घेतल्याशिवाय मी पाण्याला तोंड लावत नाही. पौर्णिमेला अष्टशील. खोटं बोलणार नाही, हे रोज नव्यानं म्हणते. बुद्धभूषण चिडवतो, “ताई, तुम्ही तर हळू आवाजातसुद्धा खोटं बोलत नाही. पेशंटला म्हणायचं असतं, दुखणार नाही. तुम्ही म्हणता, थोडं दुखेल.”

त्या शुक्रवारी धोंडूबाई एका मुलीला घेऊन आली. कामतघरच्या तळ्याच्या बाजूला मुलींचं एक बालगृह आहे, धोंडूबाई तिथली सांभाळणारी. तिथल्या सगळ्या मुली तिला मावशी म्हणतात. बरोबर बालकल्याण समितीचं पत्र होतं. जवळच्या वळ गावात एका गोडाऊनमध्ये पॅकिंगच्या कामावर सापडलेली मुलगी, नाव मैना. जन्माची नोंद नाही, शाळा नाही. भूपेश नावाचा मुकादम मामा म्हणून उभा राहिलाय आणि तिचं वय वीस सांगतोय. अठराच्या आतली निघाली तर ती बालगृहात राहील. अठरा पूर्ण असतील तर समितीला तिला ठेवता येणार नाही. गेट उघडावं लागेल, आणि गेटबाहेर भूपेश असेल.

तो आलाच होता. दारातल्या बाकावर बसला होता, मला बघून उठला.

“नमस्कार मॅडम. आमच्याकडच्या पोरी अंगानं बारीकच असतात, त्याच्यावर जाऊ नका. वीसची हाय. आई मेली तेव्हापासून मीच सांभाळली. आता चार कामं शिकली तर सरकारची झाली, बोला!”

तो हसला. बोटात किल्ल्यांचा जुडगा होता. बोलताना तो गरगर फिरवायचा, आणि बोलणं संपलं की मुठीत गच्च धरायचा.

“बाहेरच बसा,” मी म्हटलं.

“बसतो की. आपल्याला घाई नाय.”

बुद्धभूषणनं फिल्म काचेवर लावली. बघायला वेळ लागला नाही. चारही अक्कलदाढा पूर्ण, मुळांची टोकं मिटलेली. खालची डावीकडची एक उपदाढ, सुळ्यामागची छोटी दाढ, जवळजवळ आडवी वळली होती. इतकी वळलेली क्वचित दिसते, एखाद्या माणसाची सही असावी तशी.

“अठरा पूर्ण. एकोणीस, कदाचित वीसही,” मी म्हटलं.

“म्हणजे तो बरोबर,” बुद्धभूषण म्हणाला आणि बाकाकडे बघून त्यानं आवाज खाली आणला. “साला.”

मैना आत आली. उंच, खांदे पुढे काढून चालणारी. पायात धोंडूबाईनं दिलेल्या लाल पट्ट्यांच्या चपला, अगदी मापाच्या. खुर्चीवर बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले.

“किती निंगालं?”

“अजून लिहिलं नाही. आठवड्यानं परत बघायचं असतं.”

“कमी लिवा ना, बाय.”

“दातांत असेल तेच लिहावं लागतं गं.”

“गोडाऊनच्या मागं खोली हाय. तो बाहेरून कडी लावतो.” बाहेर किल्ल्या वाजल्या. ती थांबली. त्या पुन्हा मुठीत गेल्यावर तिनं श्वास सोडला. “दिघाशीला आमचं कौलाचं घर व्हतं, शाळेच्या मागं. माझा दात पडला का आय कौलावर टाकायची. सगळे टाकले, येक पन हरवला न्हाय. तेवडीच ऱ्हायली आसती ना मी, तर बरं झालं आसतं.”

आणि ती रडायला लागली. आवाज न करता. तोंड मिटून रडायची सवय लागलेली माणसं रडतात तशी.

खोटं लिहिणं माझ्या हातून होणार नव्हतं आणि खरं लिहिलं तर काय होणार हे समोर बसलं होतं. रडणाऱ्याच्या हातात काहीतरी द्यायचं म्हणून माणूस बोलतो, तसं मी बोलले.

“मैना, दात जे सांगतील ते मी लिहीन. दातांनी कमी सांगितलं तर कमी लिहीन. मग कुणी काही म्हणो. वचन देते तुला.”

तिनं मान वर केली. “नक्की?”

“नक्की.”

रडणं एकदम थांबलं. गालाच्या आतून तिची जीभ फिरताना दिसत होती, एका दातावरून दुसऱ्यावर. जाताना तिनं मला वाकून नमस्कार केला.

पुढच्या शुक्रवारी तीच फिल्म परत काचेवर लागली. आकडा डोक्यातून काढायचा मी खरोखर प्रयत्न केला होता, पण जमलं नव्हतं. तरी डोळे डोळ्यांचं काम करतात. मी अक्कलदाढेकडे बघितलं, मग भिंग घेतलं.

मुळाची टोकं उघडी होती. चारही.

“बुद्धभूषण, ही तीच फिल्म?”

“तीच. कडेला तिचंच नाव आहे. का?”

“मागच्या वेळी मी काय म्हटलं होतं?”

“मिटली म्हणालात.” तो जवळ येऊन वाकला. त्यालाही इतक्या वर्षांत थोडंफार वाचता येतं. “ही कुठं मिटलीत? हां, पण ताई, त्या दिवशी तो बाहेर बसला होता. डोकं ठिकाणावर नव्हतं आपलं.”

मीही तेच मानलं. चूक होते. त्यासाठीच बाई परत बघायला सांगायच्या. वळलेली उपदाढ जिथल्या तिथे होती. तरी खात्री करावी म्हणून मी बालगृहात फोन करून मैनाला बोलावून घेतलं आणि नवा एक्स-रे काढला. त्यात अक्कलदाढेचं मूळ निम्मंच उतरलेलं होतं. सोळा. जास्तीत जास्त साडेसोळा.

अहवालात मी लिहिलं, अठराच्या आत. दातांत तेच होतं.

धोंडूबाई बाहेर कुरकुरत बसली होती. “डाक्टरबाय, तुमच्या फोटोनं आंग आटतं का वो? येक हप्ता न्हाय झाला, बघा हिच्या चपला. फटक फटक करतात. रस्त्यात दोन येळा निसटली.”

“मावशीच मोठ्या मापाच्या घेते आनि मग फोटोला नावं ठेवते,” मैना म्हणाली. पहिल्यांदाच मी तिला थट्टा करताना ऐकलं.

“गप गं! तुज्या पायात घालून बघून घेतल्या.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आनि आमच्या पत्र्यावर कोन दगडं टाकतं कोन जाने. भर दुपारी, पोरी जेवायला बसल्या का वरून टक्. येकच. रोज. मी लगेच बाहेर जाऊन बघते तर कोन न्हाय. तळ्यापर्यंत कुत्रं सुदिक न्हाय.”

“चिंचा पडत असतील.”

“चिंचंचं झाड कुटं हाय तिकडं?”

मैना चपलेचा पट्टा आवळत होती. तिनं वर बघितलं नाही.

भूपेश गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्यानं समितीपुढे हरकत घेतली. डॉक्टरनं मुलीला बघून दया दाखवली, फेरतपासणी करा, माझ्या समोर करा, असं त्याचं म्हणणं. समितीच्या बाईंनी मला फोन करून विचारलं, चालेल का? मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण नव्हतं. फोन ठेवल्यावर मात्र मी पहिली फिल्म कपाटातून काढली. का काढली ते सांगता येणार नाही. ती दिव्याशी धरली आणि लगेच परत पाकिटात घातली.

तिच्यात आता अक्कलदाढेला मूळच नव्हतं. हाडाच्या आत नुसते चार पांढरे ठिपके होते.

त्या आठवड्यात मी नीट जेवले नाही. वंदनेला बसले की मन ठरत नव्हतं. श्वास मोजायला लागले की मधेच ‘टक्’ आठवायचं, आणि मोजणं चुकायचं. मी स्वतःला समजावत होते, फिल्म जुनी झाली की काळवंडते, रसायन नीट धुतलं गेलं नसेल. काळवंडलेल्या फिल्ममध्ये मुळं नाहीशी होत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

शुक्रवारी भूपेश सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. धोंडूबाई आली ती मागच्या दारानं. मुलीला थेट एक्स-रेच्या खोलीत नेलं, कारण मीच तसं सांगितलं होतं. आधी दात. मला त्या दिवशी पद्धतीचा आधार हवा होता.

बुद्धभूषणनं फिल्म लावली. नेहमी तो फिल्म लावून मागे उभा राहतो, त्या दिवशी खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

दुधाच्या दाढा होत्या. खालीवर, दोन्हीकडे. त्यांच्या मुळांच्या बेचक्यात उपदाढा नुकत्या बनत होत्या, आणि डावीकडची एक, अजून अर्धीमुर्धी, हाडात आडवी वळून झोपली होती.

“सात,” मी म्हटलं.

“पट्टी काढू?” बुद्धभूषणनं विचारलं. त्यानं ती काढली. मैना.

मग ती आत आली.

लाल पट्ट्यांच्या चपला धोंडूबाईच्या हातात होत्या. मुलगी अनवाणी होती. फ्रॉकची बाही कोपराखाली लोंबत होती. खुर्चीवर बसली तेव्हा पाय जमिनीला लागले नाहीत. तिनं ते हलवायला सुरुवात केली.

धोंडूबाईनं माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. “मला काय इचारू नका,” ती पुटपुटली. “मी खायला घालते, न्हाऊ घालते. बाकी मी काय बगत न्हाय.”

बाहेर किल्ल्या वाजल्या आणि दार उघडलं.

“मॅडम, माझ्या समोर करायचं ठरलं होतं.” भूपेशनं खोलीभर नजर फिरवली. ती खुर्चीवरून गेली, धोंडूबाईवर थांबली, परत खुर्चीवर आली. “ही कोन?”

धोंडूबाईनं चपला पाठीमागे घेतल्या.

“मैना कुठाय?”

मुलीनं पाय हलवायचे थांबवले. ती त्याच्याकडे बघत होती, सरळ, डोळ्यांत.

“ही मैनाच आहे,” मी म्हटलं. मला दुसरं काही म्हणता येणार नव्हतं.

तो हसायला गेला. मग वाकून तिच्या तोंडाजवळ तोंड नेलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. राग होता, मग नुसताच गोंधळ, आणि मग एकदम काहीतरी दिसल्यासारखा तो सरळ झाला. जुडग्यातल्या किल्ल्या त्याच्या हातात आपोआप वाजायला लागल्या. त्यानं त्या मुठीत धरल्या, तरी वाजत होत्या.

“ही आमची न्हाय,” तो म्हणाला. “कुनाला बनवता? आमची मोठी हाय. मी समितीला सांगतो, ही आमची न्हायच.”

“लिहून द्या तसं,” बुद्धभूषण खिडकीपासून म्हणाला.

“देतो. आत्ता देतो.”

त्याच्या मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला. शुक्रवार होता.

मैना हसली. पुढचा एक दात नव्हता. तिनं मूठ उघडली, त्यात तो होता. दुधाचा दात, तांदळाच्या दाण्याएवढा, पांढरा. पडलेल्या दुधाच्या दाताला मूळ नसतं, ते आतल्या आत विरून जातं. यालाही नव्हतं. खालची कड कागदासारखी पातळ होती.

“सगळे आले परत,” ती म्हणाली. बोलताना जीभ फटीत अडकत होती. “रोज येक. ह्यो मी तोंडात बसू न्हाय दिला. तुमच्याजवळ ठेवा. तो परत येईल, येकदा बगून जाईल. मग कायमचा गेला का, आमच्या कौलावर टाका.”

“आणि नाही टाकला तर?”

“मला थांबता येत न्हाय, बाय,” ती म्हणाली. पहिल्यांदा तिच्या आवाजात भीती होती. “आदी वाटलं व्हतं थांबता येईल. टाकलात तर तितनं परत वाडेन. पन मी लई लहान झाली ना, तर सांगायला मला बोलता येनार न्हाय. तुमी इसरू नका.”

“नाही विसरणार. टाकीन.”

“नक्की?”

“नक्की,” मी म्हटलं. आणि दात घेतला.

घरी तो कुठं ठेवावा कळेना. बुद्धमूर्तीच्या शेजारी ठेवायला मन होईना. शेवटी स्टीलच्या छोट्या डबीत घालून स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीमागे ठेवला. आमचे अण्णा शाळामास्तर होते. माझा पहिला दात पडला तेव्हा शेजारची एक मावशी म्हणाली, टाक कौलावर. अण्णांनी तो माझ्या हातून घेऊन केराच्या टोपलीत टाकला. “दात म्हणजे कॅल्शियम. कौलाला काय कळतं? प्रश्न विचारायला शीक, धम्मदिना,” ते म्हणाले. त्या दिवसापासून मी प्रश्नच विचारत आले. आता साडी खोचून परक्या गावात जायचं, परक्याच्या छपरावर दात भिरकावायचा, आणि कुणी विचारलं तर काय सांगायचं?

भूपेश खरंच बालगृहात आला, गेटमधून मुलींना एकदा बघितलं आणि गेला. धोंडूबाईनं फोनवर सांगितलं. पुढं कळलं, त्यानं वळचं काम सोडलं आणि भिवंडीही सोडली. खोलीला कुलूप न लावता गेला.

तरी मी गेले नाही. आज पेशंट आहेत, उद्या बघू. रविवारी जाऊ. असं करत राहिले. मधे पौर्णिमा आली. अष्टशील घेतलं, पांढरी साडी नेसले, दुपारनंतर काही खाल्लं नाही, आणि संध्याकाळी मिठाच्या बरणीमागून डबी काढली.

दाताला मूळ फुटलं होतं. बारीक, पिवळसर, टोकाशी उघडं.

डबी बंद करून मी परत मिठाच्या बरणीमागे ठेवली. त्याच रात्रीपासून माझी हिरडी दुखायला लागली, उजवीकडे खाली, अगदी मागे. तिथली अक्कलदाढ कॉलेजात असताना बाईंनीच काढली होती. रिकाम्या जागेत दुखण्यासारखं काही नव्हतं. मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या. जीभ सारखी तिकडे जात होती. गुरुवारी संध्याकाळी बुद्धभूषणला म्हटलं, माझाही एक फोटो काढून ठेव, हाडाचा एखादा तुकडा राहिला असेल आत.

“लूम चालू आहेत, हलेल.”

“हलू दे.”

शुक्रवारी सकाळी दवाखान्याचं दार उघडते तोच धोंडूबाईचा फोन आला.

“डाक्टरबाय, मैना कालपासून उठून उभी ऱ्हाईना. रांगते. दुपारी नाव घेऊन हाक मारली, नुसती हसली. दात बी दिसंनात आता वरचे. मला काय समजत न्हाय बाय, पन ती सारखी दाराकडं बगते. कोनाची तरी वाट बगते.”

“मी आजच जाते,” मी म्हटलं.

“कुटं जाता?”

मी फोन ठेवला. डबी पर्समध्येच होती. कालच घालून ठेवली होती, का ते माहीत नाही.

तेवढ्यात बुद्धभूषणनं सवयीनं फिल्म काचेवर लावली होती. कडेला काळी पट्टी. हात धुता धुता माझी नजर तिकडे गेली आणि सवयीनंच मी वाचायला लागले. चित्र किंचित हललेलं होतं, पण वाचण्यापुरतं स्वच्छ होतं. अक्कलदाढा चारही जागेवर, मुळं निम्म्याहून जास्त उतरलेली, टोकं उघडी.

“सतरा,” मी म्हटलं. “एकही दात किडलेला नाही, कुठं चांदी भरलेली नाही. घरचे काळजी घेणारे दिसतात. मुलगी असावी. पाठव आत, हिचं बघून मग मी निघते.”

तो हलला नाही.

“ताई, आज कुणी आलेलं नाही.”

गल्ली गप्प होती. पेल्यातलं पाणी स्थिर होतं. त्यानं हात लांब करून पट्टीचं टोक नखानं उचललं आणि हळूहळू सोलत नेलं. धम्मदिना, एवढं दिसलं. पुढचं आडनाव मी बघितलं नाही.

जिभेनं मागे चाचपलं. दुखणं थांबलं होतं. तिथं काहीतरी कठीण होतं, गुळगुळीत, नवं.

“दिघाशीला जाऊन येते,” मी म्हटलं.

“मी येऊ?”

“नको. आणि ती फिल्म परत लावू नकोस.”

पर्स घेतली. डबी आत आहे हे बाहेरून दाबून बघितलं. दारात सँडल होत्या, दोन वर्षं रोज घातलेल्या, पायाचा आकार घेतलेल्या. पाय घातले तर टाचेमागे बोटभर जागा उरली. मी खाली बसून दोन्ही पट्टे एकेक भोक आत ओढले आणि निघाले.